पहाटपटाचे आठ तुकडे

८ जानेवारी, सोमवार

कॉन्व्हेंट शाळेच्या गच्चीवर ओलं कापड धरून आम्ही दोघी उभ्या असायचो. एक टोक माझ्याकडे, एक धाकटीकडे. मी तेरा वर्षांची, ती नऊ. शिवणाच्या मदरचा नियमच होता – कोरं कापड भिजवून, आटवून घेतल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. मी ताणायला लागले की ही मुद्दाम टोक सोडून द्यायची, आणि मी धपकन खाली!

आज पाचवा तुकडा मिळाला, म्हणून हे आठवलं असावं.

गेल्या वर्षी धाकटीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दुपारी, चार-चार तास, ती डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली असते. एक हात हलवायचा नाही. वेळ जावा म्हणून भाचीने आम्हा दोघींच्या टॅबवर एक गेम घालून दिला. त्यात तिची एक बाई, माझी एक बाई. ती तिच्या शहरात, मी माझ्या घरात. पण रोज जंगलातून बरोबर चालतो. माझी बाई शिंपीण. दुसरं काय होणार?

गेममध्ये एक दुर्मीळ कापड आहे. नाव लांबलचक, म्हणून आम्ही त्याला पहाटपट म्हणतो. गुलाबीतून निळं होत जातं. डोंगरातल्या जाळी विणणाऱ्या कोळ्यांना हरवलं की शंभरातून एखाद्याकडे तुकडा सापडतो. आठ तुकड्यांचा एक झगा. तो मला धाकटीसाठी शिवायचाय.

१० जानेवारी

हे म्हणाले, “अगं, कोपऱ्यावर कापडाचं दुकान आहे. तिथे कोळी मारावे लागत नाहीत.” मी कोळी मारत राहिले.

१२ जानेवारी, शुक्रवार

माझी किडनी तिला जुळते. तपासण्या होऊन तीन महिने झाले. तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाळ्याच्या आत ठरवा, सुया टोचून हातातली शीर फार दिवस साथ देणार नाही. आणि ही बाई नाहीच म्हणते.

आज मी पुन्हा विषय काढला. तर म्हणते, “ताई, जन्मभर तुझं उतरलेलं वापरलं. फ्रॉक, बूट, दप्तर. आता किडनीपण वापरलेलीच?”

ती हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

मला काही झालं तर – हे तिचं खरं भय. ते ती तोंडातून काढणार नाही. पण फ्रॉकचं बोलणं लागलं. खोटं थोडंच आहे? माझा पाय वाढला की तिला बूट मिळायचे. पुढे कापूस कोंबून घालायची. एकदा तरी हिला कोरं काही द्यायचं. कोणाच्याही अंगाला न लागलेलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवा तुकडा! धाकटी एका हाताने लढत होती, मी मागून दगड मारत होते. “ताई, सरक ना, कोळ्याऐवजी मलाच लागतायत.” तिला वाटतं मी हे विकायला जमवतेय. वाटू दे.

५ फेब्रुवारी, सोमवार

काय करून बसले मी.

शिंपिणीच्या दुकानाशेजारी ओढा आहे. कापड पाण्याजवळ नेलं की ‘धुवायचं का?’ असं गेम विचारतो. मी ‘हो’ म्हटलं. कोरं कापड, आटेल, झगा आखूड होईल – एवढंच डोक्यात. आणि आठही तुकडे एकदम भिजवले, कारण वेगवेगळे भिजवले तर छटेत फरक पडतो. हीसुद्धा मदरचीच शिकवण.

बाहेर आले ते आठ पांढरे सुती तुकडे. वाळले की रंग परत येईल म्हणून अर्धा तास काठावर बसून राहिले.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, गेममध्ये कापड आटत नाही गं. आणि तो रंग म्हणजेच तर सगळं होतं.”

तीन महिने गेले. पुन्हा आठ जमवायचे तर उन्हाळा येईल.

७ फेब्रुवारी

डोकं दुखतंय म्हणून धाकटीला कळवलं. गेम उघडला नाही. तिचे चार तास एकटीचे गेले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं सांगून टाकलं. झगा कोणासाठी होता तेही.

पलीकडून हसण्याचा आवाज. इतकी हसली की यंत्र कुरकुरलं आणि नर्स धावत आली. “बाई, सुई हलेल, हसू नका!” “अहो, माझ्या बहिणीने जादू धुऊन काढली,” हिचं उत्तर.

मग मला म्हणाली, “शिव त्याचाच.”

“साधं सुती आहे गं. गेममध्ये कोणीही घालतं.”

“मला मेलीला कोऱ्याची सवय आहे का? कोरं टोचतं. तुझं उतरलेलं कधी टोचलं नाही, ताई.”

तिच्यासमोरच शिवला. पांढरा, लांब बाह्यांचा. तिच्याकडे पाठवला. गेममध्ये भेट अशी कोणाच्या गळ्यात मारता येत नाही. समोरच्याने ‘स्वीकार’ किंवा ‘परत’ दाबावं लागतं. तिने फार वेळ घेतला. मला वाटलं, तिचं नेट गेलं.

मग माझ्या पडद्यावर आलं – स्वीकारलं.

तो घालून ती टेकडीवर गेली. मीही गेले. किडनीचं ती बोलली नाही, मीही नाही.

१ मार्च, शुक्रवार

काल रात्री तिने कागदांवर सही केली. फोनवर एवढंच म्हणाली, “ये.” उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतो. मंगळवारी दोघींना आत घेतील.

हे पान फाडून ह्यांच्या हातात देईन. बाकीची वही कोणी वाचायची नाही.

शिलाई मशीन समोरच्या घरी शिवण शिकणाऱ्या मुलीला. तेल घालून ठेवलंय. कात्री मात्र भाचीला, आणि तिने त्या कात्रीने कागद कापायचा नाही. माझी गेममधली शिंपीणही भाचीलाच. निळी शाल ह्यांना. थंडी वाजते, पण सांगत नाहीत.

डावी किडनी धाकटीला.