चवथीचा चंद्र आणि शिव्यांची टंचाई

सोलापूर,
गौरीजेवणाचा दिवस, १९७८

तीर्थस्वरूप महिपतीमामांच्या सेवेशी,

भाचा सिद्धनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी मोहोळहून पाठवलेली शेंगाचटणी पोचली आणि पोचल्या दिवशीच संपली.

कारखान्यातला पुठ्ठ्याचा रूळ आणि चष्म्याच्या दुकानातलं भिंग जोडून मी दुर्बीण केली, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही तिला धुराडं म्हणालात, तेही लक्षात आहे). तिला कॅमेरा टेकवून मी चंद्राचे फोटो काढतो. चंद्रकोर आणि शुक्र शेजारी येणार, असं वाचनालयात वाचलं आणि माझी भूकच उडाली. तारीख पाहिली तर नेमकी गणेश चतुर्थी. चवथीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी ठरवलं, कॅमेऱ्यानं पाहावं, आपण डोळे मिटावेत. (डोळे मिटून नेम कसा धरायचा, हा प्रश्न गच्चीवर गेल्यावर पडला.) थोडक्यात, पाहिला. आणि मामा, खरं सांगतो, इतकं देखणं काही मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

आरतीला मी नाही म्हणून तुमची सूनबाई महानंदा मला शोधत वर आली, डोळ्यांवर पदर ओढून, भिंत चाचपडत. दुसऱ्याच दिवशी कारखान्यात टॉवेलचा गठ्ठा कमी भरला. मालकांनी विचारलं सगळ्यांना, पण नजर थांबली माझ्यावर. गठ्ठा संध्याकाळी जिन्याखाली सापडला, तरी महानंदा म्हणाली, "ही तर सुरवात हाय. शिव्या खाऊन या, मगच क्यामेरा." आणि कॅमेरा ट्रंकेत घालून किल्ली कमरेला खोचली. (रीळ मी आधीच काढून धुवायला दिलं होतं.) उतारा तुम्हाला माहीत आहे : शेजाऱ्याच्या पत्र्यावर दगड टाकायचा, त्यानं मनापासून शिव्या घातल्या की दोष गेला.

आमची शेजारीण नागव्वा. एरवी तिच्या दारावरून कुत्रंसुद्धा मान खाली घालून जातं. मी बेताचा दगड टाकला. ती बाहेर आली, पत्रा पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "तुला लागलं न्हाय न्हवं, यप्पा?" मग मोठा टाकला, तर मोदक घेऊन आली. गणपती बसल्यापासून वाईट शब्द काढायचा नाही, असा तिनं नेम धरलाय. तिचं पाहून अर्धी गल्ली गोड बोलू लागली आहे. एवढा निराश मी कधी झालो नव्हतो. कारण येत्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण आहे आणि कॅमेरा ट्रंकेत आहे.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सिद्धनाथ

ता. क. : बैलबाजारात तुम्ही तोंड उघडलंत की बैलही कान पाडतात, ही ख्याती इथवर आहे. तरी उलट टपाली मला चार शिव्या लिहून धाडाव्यात. महानंदाला विचारलंय, लेखी चालतील. मात्र "मनापासनं पायजेत, उगं लाडाच्या नगं," अशी तिची अट आहे. कार्डावरच लिहा, म्हणजे पोस्टमन साक्षीला राहील.

ता. ता. क. : मला तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलंत, तेव्हा मनापासून जमणं अवघड, ही शंका आलीच. म्हणून सांगतो. पाकीट फोडताच जो फोटो मांडीवर पडला, आणि जो तुम्ही उजेडात धरून, उलटासुलटा करून पाहिलात, त्यातली ती पांढरी रेघ म्हणजे चवथीचा चंद्र. मामींनाही दाखवला असेलच. आता कार्ड घ्या.