दिवा जुन्याच खांबावर राहील

मी, उताराच्या तळाशी वळणावर असलेल्या हॉटेलची मालकीण, रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर जिला 'वहिनी' म्हणतात ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, गुडघे नाहीत; पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे, कारण बाहेर धुकं उतरायला लागलं आहे.

कलम एक. हॉटेलची इमारत, भटारखाना, बाकडी आणि अंगणातला लोखंडी खांब हे सर्व माझ्या थोरल्या मुलीला मिळावे. अट एकच. खांबावरचा पिवळा दिवा तिथेच राहील आणि अंधारलं की रोज लागेल. दिवा हलवला तर हॉटेलवरचा तिचा हक्क त्याच दिवशी संपेल. पोरी, तुझ्यावर अविश्वास नाही, पण तुलाही नवरा आहे आणि त्यालाही कल्पना सुचतात.

ही अट समजावी म्हणून हॉटेलची हकिगत लिहिणे भाग आहे. आमच्या ह्यांनी चार पत्रे आणि एका चुलीवर धंदा मांडला. ह्यांचा चहा कडू आणि जीभ त्याहून कडू, तरी गाड्या थांबायच्या. गिऱ्हाइकाला लांबून दिसावं म्हणून ह्यांनी वळणाच्या कोपऱ्यावर खांब रोवून दिवा टांगला. उतारावर धुकं असलं की हेडलाइटचा उजेड उलटा तोंडावर येतो आणि रस्ता गायब होतो. पिवळा दिवा तेवढा दिसतो. म्हणून ड्रायव्हर लोकांनी आपसात नियमच करून टाकला, की दिवा गाठला की उजवीकडे वळायचं. सरळ गेलं तर पुढे कडा आणि खाली दरी. जुन्याने नव्याला सांगितलं, त्याने त्याच्या क्लीनरला. चहासाठी लावलेला दिवा असा सगळ्या रस्त्याचा होऊन बसला. जेवत असले तरी हे ताटावरून उठून आधी बटण दाबायचे.

कलम दोन. माझ्या दिराला माझ्याकडून काही नाही. फुटकी बशीसुद्धा नाही. त्याने कड्याच्या बाजूला टेबलं मांडली, आणि ती लांबून दिसावीत म्हणून आम्ही बाजाराला गेलो असताना दिवा काढून तिकडे नेला. आम्ही परतलो तेव्हा धुकं दाटलं होतं आणि एक ट्रक सरळ त्या दिव्याच्या रोखाने येत होता. हे खांद्यावरचा टॉवेल हलवत रस्त्यात धावले. ट्रक कड्याच्या अलीकडे थांबला. हे ट्रकखाली होते. ड्रायव्हर नवखा होता. माझ्यासमोर जमिनीवर बसून एवढंच म्हणाला, "वहिनी, मी दिव्यावरच आलो होतो." दीर मात्र म्हणाला, नशीब एकेकाचं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेली नाही आणि मेल्यावरही बोलायचा विचार नाही.

कलम तीन. तो ड्रायव्हर आता टँकर चालवतो. ह्यांची पितळी किटली त्याला द्यावी. दर फेरीला तो इथे थांबतो, आपला कप आपण विसळतो, आणि खांबाला हात लावल्याशिवाय गाडीत चढत नाही.

कलम चार. बँकेतली ठेव आणि मागे बांधलेला नवा हॉल धाकट्या मुलाला. हॉल त्याने कष्टाने उभा केला, हे मी नाकारत नाही. पण तो कड्याच्या बाजूला आहे, आणि गेले कित्येक दिवस त्याचं एकच पालुपद चालू आहे की दिवा हॉलच्या माथ्यावर न्यायचा. "आई, लोक आता फोनवर रस्ता बघतात. तुझ्या दिव्याकडे कोण बघतं?" मी विचारलं, तुझे वडील कशाने गेले? तर म्हणाला, तो काळ वेगळा होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या घरात ठेचही तीच आणि दगडही तोच. मला त्याचा राग येतो आणि त्याच्यासाठीच भीती वाटते.

आज दुपारी त्याने खांबावरची तार तोडली, म्हणून आजच लिहायला बसले. वकिलांनी बजावलं आहे की दोन साक्षीदारांनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली तरच हा कागद खरा. शेजारचा पंक्चरवाला समोर बसला आहे. दुसरा साक्षीदार टँकरवाला, तो अंधारताना पोचतो.

कलम पाच. माझं शिलाई मशीन

खिडकीत पिवळा उजेड पडला आहे, आणि तो मागच्या बाजूने आहे. पंक्चरवाला बघून आला. धाकट्याने हॉलवर दिवा लावला, हॉलला कुलूप घातलं आणि मोटरसायकलवरून खुर्च्या आणायला गेला. बटण आत आहे. फोन उचलत नाही. टँकरवाल्याचा फोन उतारावर लागत नाही, आणि वरून टँकरचा आवाज यायला लागला आहे.

पंक्चरवाल्याला पहार घेऊन कुलूप तोडायला पाठवते. तोवर मी कंदील घेऊन जाते. त्या मोठ्या दिव्यापुढे कंदील तो केवढा; खांबापाशी धरून दिसायचा नाही, रस्त्यावर पुढे जावं लागेल. शेवटी गुडघ्यांचंच काम निघालं. कलम पाच आल्यावर पुरं करते.

सही: मृत्युपत्र करणारी, वहिनी.

साक्षीदार एक: पंक्चरवाला. वहिनींसमोर सही केली.

साक्षीदार दोन: टँकर ड्रायव्हर. सही बाकी.

ठिकाण: वळणावरचे हॉटेल, गल्ल्याचे टेबल.

दिनांक: वहिनी आल्यावर घालतील.

खालचे पंक्चरवाल्याने लिहिले आहे: कुलूप तोडून मी दिवा बंद केला. त्याच्या आधीच टँकर वळून सुखरूप अंगणात लागला होता. ड्रायव्हर सांगतो, मी सरळ दिव्यावरच चाललो होतो, मध्येच खाली कंदील हलताना दिसला म्हणून स्टिअरिंग फिरवलं. धरणारं माणूस दिसलं नाही म्हणतो. धाकटा आत्ताच आला आणि आई आई करत रस्त्यावर गेला आहे. ड्रायव्हर पेन हातात घेऊन बसला आहे. सही वहिनींसमोरच करणार म्हणतो.