सॉनात बसवलेली बॅटरी

प्रिय मार्सी,

माझं अक्षर वाचताना तुला त्रास होईल. आठवीत शाळा सुटली ती गाईंच्या धारा काढायला, आणि त्यानंतर किराणाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मीही बोलते, आणि आपल्या दोघींचं पुढे काय होतं ते तुला ठाऊक आहे. कागद मला अडवत नाही.

आधी बातमी. नवी बॅटरी बसवून एकवीस दिवस झाले. काल सकाळी उणे अडतीस होतं. शेजारच्या आर्विडच्या ट्रकने खोकून खोकून मान टाकली, आणि माझी गाडी किल्ली लावताच सुरू झाली. तो खिडकीतून बघत होता, मी मुद्दाम हात केला. महिनाभर रोज सकाळी आपल्या ट्रकला वायरी जोडून तो माझी गाडी सुरू करून द्यायचा, आणि बदल्यात मी त्याला वेलचीचा पाव द्यायची आणि त्याच्या गुडघ्याचं रडगाणं ऐकायची. परवा म्हणाला, "सायमा, आता तुला माझी गरज उरली नाही." मी म्हटलं, "गरज तुझ्या ट्रकची होती रे बाबा."

माझ्या म्हाताऱ्याचं, तोइवोचं, तसंच आहे. उजवा हात उचलता येत नाही, बोलणं दिवसाला दोन शब्द, आणि वृद्धाश्रमातल्या पोरींनी चमचा पुढे केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटतो. चौतीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढली, मुकादमाचं कधी ऐकलं नाही, तो त्या पोरींचं काय ऐकणार? दुपारी बाराला मी शेजारी बसले की जेवतो. मी कोण हे रोज कळतंच असं नाही, पण जेवतो. नाताळाआधी वादळाने दोन दिवस रस्ता बंद होता, तेव्हा नर्सने त्याचं वजन करून मला आकडा दाखवला. तेव्हापासून मी ते बावीस मैल एकदाही चुकवलेले नाहीत.

रॉयला हे पटत नाही. तू सोडलेला नवरा आणि मला न सोडता येणारा मुलगा ॲरिझोनात उन्हाला पाय शेकत बसतो आणि दर रविवारी सांगतो, "आई, गाडी विकून टाक, वय झालं तुझं." बॅटरी गेली हे त्याला कळलं असतं तर पुढच्या विमानाने किल्ल्या न्यायला आला असता. म्हणून गावात कुणाला विचारलंही नाही, आणि म्हणूनच मी ते सॉनाचं करून बसले.

तू अजून हसत असशील. हस. आपल्याकडे इंजिन गोठू नये म्हणून हिवाळाभर गाडीला विजेची वायर लावून ठेवतात, आणि मी पन्नास वर्षं समजत होते की त्याने बॅटरीही उबदार राहते. इंजिन उबेत आणि बॅटरी बाहेर कुडकुडत, हे आर्विड बोलून गेला तेव्हा कळलं. मग मी माझ्या डोक्याने विचार केला. गारठलेल्या माणसाला आपण काय करतो? सॉनाच्या तापवलेल्या खोलीत बसवतो. शनिवारी सॉना पेटवला, बॅटरी काढली, लाकडं ओढायच्या घसरगाडीवरून नेली आणि खालच्या बाकावर टॉवेल घालून बसवली. वरच्या बाकावर मी. रविवारी सकाळी गाडी अशी झटक्यात सुरू झाली की मला वाटलं, हे बॅटऱ्या विकणारे इतकी वर्षं लोकांना उगीच नागवत होते.

तोइवोला भरवून बाहेर आले तर गाडीने नुसतं टक् केलं. दोन तासांत सगळी ऊब उतरली होती. मी आत बसून वहीत तुझा नंबर काढला. तुम्ही वेगळे झालात तेव्हा तो खोडायला हवा होता, खोडला नव्हता. सहा वर्षांत मी तुला एकदाही फोन केला नव्हता, आणि तू "कोण?" म्हणाली नाहीस, "आज कशी आठवण आली?" म्हणाली नाहीस. गाडी टक् करते एवढंच मी सांगितलं, तर म्हणालीस, "आई, गाडीचे दिवे लागतात का?"

सॉनाचं ऐकल्यावर मात्र बोललीस. "आई, ती फुटली असती तर सॉनाचं छप्पर आणि तू दोघं तळ्यात सापडला असता!" बरोबरच होतं.

त्या दिवशी वृद्धाश्रमातल्या एकाने वायरी जोडून दिल्या तेव्हा घरी पोचले. दुसऱ्या दिवशी तोइवोच्या हत्यारांच्या पेटीतला मीटर घेऊन गाडीपाशी उभी राहिले, फोन टोपीत खोचलेला, आणि ऐंशी मैलांवरच्या तुझ्या गॅरेजातून तू हुकूम सोडत होतीस. आकडा आला साडेबारा व्होल्ट. मी म्हटलं, "बघ, ठणठणीत आहे." तू म्हणालीस, "आरामात पडलेलीला मोजून काय कळतं? आर्विडला किल्ली फिरवू दे आणि मग आकडा बघ." आकडा धाडकन सातावर. "गेली ती," म्हणालीस. मग आर्विडच्या ट्रकवरून गाडी सुरू करून पुन्हा मोजायला लावलंस. चौदाच्या वर आलं, म्हणजे चार्ज करणारं यंत्र चांगलं, दोष एकट्या बॅटरीचा. दुसरा कुणी असता तर मला दोन्ही बदलायला लावलं असतं.

आर्विडने गावातून नवी आणली. काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. बसवताना लाल आधी. जुनी सोडताना मी पाना लाल वायरीला लावत "आधी लाल" असं नुसतं पुटपुटले, तर तू अशी किंचाळलीस की आर्विड गुडघा विसरून उडाला. वायरींच्या चिमट्यांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने घासली. जुनी आम्ही दोघांनी मिळून उचलली, आणि कण्हण्याचं काम त्याने एकट्याने केलं.

तुझ्या लग्नात तुझ्या नखांतलं काळं बघून मी माझ्या बहिणीला म्हणाले होते, "ही केक वाढणार की ग्रीस?" तू ऐकलं होतंस. पुढे बारा वर्षं मी ते तुला या ना त्या रूपाने ऐकवलं. त्या दुपारी तोइवोला भरवताना माझ्या नखांत तेच काळं होतं, धुऊनही गेलं नव्हतं. तो माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मार्सी." दिवसाच्या दोन शब्दांतला एक त्याने तुझ्यावर खर्च केला. मला राग यायला हवा होता. आला नाही. एकवीस दिवस तो जेवला ते तुझ्यामुळे. हे आभार आहेत. लिहून दिलेत, पुन्हा मागू नकोस.

पण एवढ्यासाठी मी दोन दिवस पेन धरून बसले नसते. गेल्या मंगळवारी बर्फ ढकलणारा ट्रक डावीकडून आला आणि मला दिसला नाही. भोंगा ऐकला तेव्हा तो माझ्या दाराला लागायच्याच बेतात होता. नशीब माझं की तो थांबला, मी नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. रॉय न बघताच "बंद" म्हणेल. आर्विड न बघताच "झकास चालवतेस" म्हणेल, त्याला पाव हवा असतो. तू येत्या रविवारी ये. माझ्या शेजारी बस. बावीस मैल जाऊ, तोइवोला भरवू, बावीस मैल परत येऊ. रस्त्यात तोंड उघडू नकोस. घरी आल्यावर, कॉफी ओतायच्या आधी, मी पुढे गाडी चालवावी की नाही ते सांग. "नको" म्हणालीस तर किल्ल्या तिथल्या तिथे तुझ्या हातात देईन. वृद्धाश्रमासमोरच्या एका बाईकडे खोली बघून ठेवली आहे. भिकार आहे, भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी ऐकू येतं. पण तिथून पायी जाता येईल, आणि तोइवोचं बाराचं जेवण चुकणार नाही. माझं मन राखायला मात्र "हो" म्हणू नकोस. मन राखणारे मला पुष्कळ आहेत. खरं सांगणारी तू एकटीच आहेस.

तुझीच,
रविवारपर्यंत तरी गाडी चालवणारी,
सायमा