गिझरमधला पांढरा थर

अंधेरी, मंगळवार, मार्च १९८६

चार दिवस वही उघडली नाही, माफी असावी. लिहायची लाज वाटत होती.

आज गिझरची जळलेली कॉइल बाहेर काढून घेतली. शी! कॉइल कुठली, दगडच. वर बोटभर पांढरा थर, खडकाला कालवं चिकटावीत तसा. नखाने खरवडला तर खपल्या निघाल्या. हेच पाणी आम्ही अंगावर घेतो, ह्यातच डाळ शिजत घालतो.

आणि शुक्रवारी मी बस्त्यावला, आमच्या इलेक्ट्रिशियनला, जिन्यात सगळ्यांसमोर चोर म्हणालो. वर्षात दुसरी कॉइल जळली म्हणून.

"काका, माल चांगला हाय. तुमच्या बोरिंगच्या पाण्यात खार हाय," तो म्हणाला.

"पाण्याला नावं ठेवतोस? ते बोरिंग मी पास करून घेतलंय!"

खरंच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला हात माझाच वर होता. तो बिचारा पिशवी उचलून गेला.

हिने तो थर पाहिला. "आता पाण्यालापण चोर म्हणा," म्हणाली. गुडघे शेकायला स्टोव्हवर पाणी तापवावं लागतंय तिला. बोलणारच. खपल्या अजून मोरीत पडल्यात, बघवत नाही. किळस पाण्याची येते, की माझ्या तोंडाची?

संध्याकाळी वाकोल्याला त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, "नाय तो घरात." आतून त्याचा खोकला ऐकू आला. चूक झाली म्हणून मोठ्याने सांगितलं आणि परत आलो.

बस्त्याव, कॉइल राहू दे रे. नुसता निरोप तरी धाड लवकर.