वाफेचं पाणी

बाबा, आज मी एका परक्या पोरीला तुमच्या शब्दांत बोलले. शेजारची नवी सून माझ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला आली होती, आपणहून, म्हातारीला मदत म्हणून, आणि आणला काय तर नळाच्या पाण्याचा तांब्या. मी जोरात बोलले, "पाणी ओळखता येत नाई काय तुले?" ती म्हणाली, आजी, पाणी ते पाणीच ना, आणि रडवेली होऊन निघून गेली. तेव्हापासून घरात चिटपाखरू नाही. तसं रोजच नसतं म्हणा, पण आज घर खायला उठलंय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे, तेव्हा जरा मोकळं बोलले तर राग मानू नका.

आपल्या चांद्याच्या घरातली चूल स्वयंपाकाची कमी आणि तुमच्या बॅटरीच्या दुकानाची जास्त. सासरहून मी कायमची परत आले तेव्हा माय जाऊन वर्ष झालं होतं. गल्लीतल्या बायांनी मला काय काय विचारलं, पण तुम्ही एक शब्द विचारला नाही. तामचिनीच्या केटलीच्या तोंडाला काचेची नळी बसवली, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, खाली बरणी ठेवली आणि म्हणालात, वाफेचं पाणी धरत जा. थेंब थेंब पडायचं ते. तांब्यापितळेचं भांडं जवळ आणायचं नाही, भाताला उशीर झाला तरी चालेल पण बरणी भरलीच पाहिजे. बापलेक पाणी रांधून खातात म्हणून लोक हसायचे. हसोत मेले. पुढच्या वर्षी तुम्ही नागपूरहून मला हायड्रोमीटर आणून दिलात, बॅटरीतलं ॲसिड किती दमदार आहे हे आतल्या तरंगत्या काडीनं दाखवणारी काचेची नळी. दुसऱ्यांचे बाप मुलींना काचेच्या बांगड्या आणतात, तुम्हीही काचच आणलीत. मी ती उशाशी घेऊन झोपायची, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

मग ते मुंबईचे सिनेमावाले आले. आलापल्लीच्या पुढं जंगलात हेले, आपले रेडे, सागाचे लठ्ठे ओढत नदीकडं नेतात, ते त्यांना टिपायचं होतं. त्यांच्या ट्रकवर लोखंडाचा लांब हात होता, त्याच्या टोकाला कॅमेरा आणि तो चालवणाऱ्याची बैठक. मोटर फिरली की हात माणसासकट वर चढायचा. जनरेटरच्या आवाजानं हेले बिथरायचे, म्हणून तो दूर मुक्कामावर ठेवलेला. तिथं बॅटऱ्या भरायच्या आणि ट्रकच्या फळीवर डझनभर एकमेकींना जोडून त्यांवर मोटर चालवायची. वैशाखाच्या उन्हात त्या बॅटऱ्यांनी दम सोडला आणि कोणीतरी त्यांना तुमचं नाव सांगितलं. आपण सहा बरण्या वाफेचं पाणी पेंढ्यात गुंडाळून निघालो. पहिल्याच दिवशी तुम्ही तिथल्या नाल्याचं पाणी ओंजळीत घेऊन मला दाखवलंत. त्या बाजूचे डोंगर लोखंडाचे, पाण्यानं माठाच्या आत तांबडा थर धरलेला. म्हणालात, हे पोटाले चालते, बॅटरीले नाई. हे गेलं आत, तर भरलेली बॅटरी बसल्या जागी रिकामी होते. मी मान हलवली.

चार दिवस काय सुंदर चाललं होतं. मी अजूनही डोळे मिटले की तिथं असते. सकाळी मी एकेका बॅटरीची बुचं काढते आहे, नळीतली काडी वर तरंगते आहे, तुम्ही दुरून विचारता आणि मी म्हणते, भरली. तुम्ही हात वर करता आणि तो लोखंडी हात सागाच्या पानांपर्यंत चढत जातो. कॅमेरेवाला तुम्हाला उस्ताद म्हणायला लागला होता आणि तुमची चालच बदलली होती. पाचव्या दिवशी मी ट्रकच्या मागं बसून सोड्याच्या पाण्यानं तारांची टोकं पुसत होते. पलीकडं त्यांचा मोठा साहेब तुम्हाला म्हणाला, मुंबईला चला, कायमचं काम देतो, राहायला खोली देतो. तुम्ही म्हणालात, "येईन." पुढचं मला ऐकू आलं नाही, कोणीतरी जीप चालू केली. येईन म्हणालात, येऊ नाही. तुम्ही गेल्यावर मी कुठं जाणार होते? काकाच्या दारात, नवऱ्यानं टाकलेली पुतणी म्हणून, चुलीपुढं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तोंड होतं ना मला, पण तेव्हा ते उघडलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस बॅटऱ्यांना पाणी मीच पाजलं. चौथ्या दिवशी सगळ्यात मोठा लठ्ठा निघणार होता, चार जोड्या हेले जुंपलेले. हात निम्मा वर चढला आणि थांबला. कॅमेरेवाला मचाणावर राखणीला बसवल्यासारखा अधांतरी लटकलेला, खालून लठ्ठा घसटत नदीकडं निघून गेला, हेलेवाले हसून हसून वाकले. साहेब हसला नाही. तुम्ही बुचं काढलीत, माझ्या हातातून हायड्रोमीटर घेतलात, काडी तळाला गेली. मग आपल्या बरण्यांकडं पाहिलंत. चार दिवसांपूर्वी होत्या तितक्याच त्या भरलेल्या होत्या, आणि शेजारी नाल्याच्या पाण्याचा माठ. तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. साहेबापुढं जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माही हाय. पाणी मीच ओतलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला बांबूच्या लॉरीत बसवून परत पाठवलं. मुंबईचं नाव कोणी काढलं नाही.

लॉरीत तुम्ही मला एकदाच बोललात. पाणी ओळखता येत नाई काय तुले, म्हणे मिस्तरीन. मी खाली मान घातली आणि मनात म्हटलं, चला, मूर्ख ठरले, बरं झालं. मूर्ख मुलीला बाप सोडून जात नाही. मग वैनगंगेच्या काठावर लॉरी थांबली. ड्रायव्हर तोंड धुवायला उतरला होता. तुम्ही बिडी काढली, पण पेटवली नाहीत. पाण्याकडं पाहत म्हणालात, "मी साहेबाले म्हटलं होतं, येईन, पण दोन मिस्तरी लागतील. एक मी, एक माही पोरगी. कबूल झाला होता तो." मला तेव्हा नदीत उडी घ्यावीशी वाटली, पण वैशाखातली नदी, गुडघाभर पाणी.

त्यानंतर चारच वर्षं तुम्ही होतात. खोकत होतात तरी दुकानात बसायचात, आणि गिऱ्हाईक आलं की तो किस्सा सांगायचात, कॅमेरेवाला झाडाच्या उंचीवर कसा लटकला तो. शेवटी माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचात, भोळी हाय माही पोरगी, पाण्यात अन् पाण्यात फरक कळला नाई तिले. लोक हसायचे, मीही हसायची. तुमच्यामागं ते दुकान मी तीस वर्षं चालवलं. जीप, ट्रक, नंतर ट्रॅक्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडं यायच्या. एवढ्या वर्षांत दुकानात नळाचं पाणी घालायची चूक एकाही माणसाला करू दिली नाही. माणसाचं पाणी जोखणं म्हणतात ना, ते तुम्हाला बरं जमायचं, फक्त माझ्या बाबतीत तुम्ही फार भला अंदाज केलात.

हे पत्र पाठवणार कुठं? पूर्वी चुलीत तरी घातलं असतं, आता गॅस आहे. हायड्रोमीटरच्या डबीखाली ठेवते. उद्या त्या पोरीला बोलावून वाफेचं पाणी कसं धरायचं ते दाखवीन. तिची बिचारीची खरोखरच चूक झाली. माझी झाली नव्हती. मला पाणी ओळखता येत होतं, बाबा.