खाकरण्याची वाट

दि. १९ जानेवारी, रविवार

प्रिय राखीताई,

तुले अन् भाऊजीले नमस्कार, पोट्ट्यायले पापा. इकडं सगळं बरं हाय असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. शेतात लाखोरीचं पीक फुलावर हाय. सासूबाईचा गुडघा दुखते. फोनच केला असता, पण या घरात फोन लावला की सगळ्यायचे कान तिकडंच!

बसवत नाही मले. दोन ओळी लिहिल्या की उठून दारात पाहून येते.

आज भासरे नागपूरच्या दवाखान्यातून येणार हायेत. आमच्या ह्यांचे मोठे भाऊ. तुले तर माहीत हाय, लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. अंगणात आले की खाकरतात, मी दाराआड होते. त्यायचं पाणीसुद्धा मी भरते अन् नेऊन देते सासूबाई.

समोरच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती हार्टची पेटी लावली ना, बंद पडलेल्या हृदयाले शॉक देणारी? ती कशी लावायची ते नर्सबाईनं आम्हा बचत गटाच्या बायायले प्लास्टिकच्या बाहुल्यावर शिकवलं. माणसायलेबी बोलावलं होतं, तर म्हणे, बचत गटाचा कार्यक्रम हाय, आमचं काय काम? एक माणूस आला नाही.

संक्रांतीच्या आधी गाडीतून धानाचे भरलेले कट्टे उतरवता उतरवता भासरे अंगणातच कोसळले. श्वास नाही, काही नाही. हे शेतावर. शेजारच्या सचिननं धावत पेटी आणली अन् सगळे माणसं नुसते गोल करून उभे. लावता कोणाले येते?

सासूबाई ओरडली, "सूनबाई, भासऱ्याले हात लावशील तर खबरदार!"

ताई, मी लावला. पदर कुठं गेला मले माहीत नाही. सदरा फाडला, छातीवर त्या दोन पट्ट्या चिकटवल्या. तर मशीन काय बोलावी? "मरीज को मत छुइए." सासूबाई म्हणते, "पाह्य, मशीनबी तेच सांगून राहिली!" आता हसू येते. शॉक बसला. मंग दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी छाती दाबत राहिली.

जीव वाचला. पण गावात काय चाललं हाय म्हणून सांगू! संक्रांतीच्या वाणाले मले कोणी बोलावलं नाही. माझी जाऊ निर्मलाबाई दवाखान्यातून रोज फोन करते, माझं नाव काढत नाही. हे म्हणतात, "होईल बरोबर." असा राग येते! काहून, लाजत उभी राहून मरू द्यायचं होतं का त्यायले? पण ते आज पुन्हा खाकरले, तर मी केलं ते पापच ठरलं ना. मंग या घरात मी कोणत्या तोंडानं राहू?

थांब. गाडी वाजली.

ताई, घाईत लिहून राहिली, अक्षर लावून घे. सवयीनं मी चुलीच्या खोलीत दाराआड झाली, कान देऊन उभी. निर्मलाबाईच्या चपला वाजल्या, मंग त्यायचे पाय घासत आलेले. खाकरलेच नाहीत. सरळ चुलीपाशी आले. सासूबाई गिलास घेऊन धावली, त्यायनं तो घेतला नाही.

"शालू," म्हणाले, "पाणी तू दे."

मी दिलं. माझ्याच हातातून घेऊन पिले. अन् सासूबाई अजून भरला गिलास घेऊन उभी हाय, तिले काय म्हणू ते सांग.

भासऱ्यायनं नावानं हाक मारलेली,
तुझी शालू