वहिनीचे पाय

सर, तुम्ही माझा कागद खोटा ठरवलात तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सांगलीच्या कॉलेजातलं माझं दुसरं वर्ष, संभाव्यतेचा विषय नुकताच सुरू झालेला. अर्ध्या वर्गाला तुम्ही व्हरांड्यात पाठवलंत, नाणं उडवून छापा-काटा जसा पडेल तसा लिहून आणायला. उरलेल्यांनी नाणं न उडवता, मनानंच तसा कागद भरायचा. मी मनानं लिहिणाऱ्यांत. मग सगळे कागद एकत्र करून तुम्ही एकेक उचलत गेलात आणि कुणालाही न विचारता सांगत गेलात, हा खरा, हा खोटा. माझा हातात आला तेव्हा हसलात. "छापा, काटा, छापा, काटा. पार रांगोळी काढलीस की! अगं, खरं नाणं इतकं शहाण्यासारखं वागत नाही. ते लागोपाठ काटाच काटा दाखवतं, आणि त्यामागं कुणाचा हात नसतो." वर्ग हसला. एरवी मला रडू फुटलं असतं, पण मला त्या वेळी घर आठवत होतं.

आमचं गाव पलूसजवळ. त्याच साली दादाचं लग्न झालं होतं, वहिनी औंधकडची. ती आली आणि महिन्याभरात आजी गेली. मग धाकटे काका उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल धडकून गेले. मग गाभण म्हैस. गल्लीतल्या बायका पाणी भरताना वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, पांढऱ्या पायाची आणली म्हणून. वडील तोंडानं काही म्हणत नसत, पण तिच्या हातचं पाणी प्यायचं त्यांनी सोडलं होतं. तिच्या बाजूनं आई तेवढी उभी होती. त्या शनिवारी मी घरी गेले ती तुमचं नाणं डोक्यात घेऊनच. वहिनी चुलीपुढं भाकरी थापतेय, मी शेजारी बसून तिला सगळं समजावून सांगतेय. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "मंजी माझ्यामुळं न्हाई ना काय?" मी म्हटलं, तुझा काडीचाही संबंध नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आई म्हणाली, तुझ्या सरांना एकदा घरी बोलाव, तुझ्या बापाला सांगू देत.

तुम्ही आलात, पण आईचा दहावा झाल्यावर. डोकं दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसली होती, ती उठलीच नाही. तुम्ही भेटायला म्हणून एस्टीनं आलात, आणि मी आधीच गळ घातली होती म्हणून विषय काढलात. किती सांभाळून बोललात. वाईट गोष्टीसुद्धा लागोपाठ घडतात, नाणंही तसंच पडतं, यात या पोरीचा दोष नाही. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं सर, नाणं उचलून परत उडवता येतंय. माझी माणसं मी कुठनं उचलू?"

तुम्ही वहिनीनं आणलेला चहा प्यालात आणि पाचची गाडी सापडेल का, असं विचारलंत. मला तुमचा राग आला, सर. भयंकर राग आला. आणखी काहीतरी बोलाल म्हणून मी दाराआड जीव मुठीत धरून उभी होते, आणि चुलीपाशी वहिनी. आता वाटतं, तुम्ही परक्या माणसानं आणखी काय बोलायचं? दादा तिचा नवरा, तो तरी कुठं ब्र काढत होता?

पुढच्याच आठवड्यात दादा तिला औंधला पोचवून आला. चार दिवस माहेरी राहू दे म्हणून नेली, सोडचिठ्ठी मागनं झाली. मला त्या पेपरात चांगले मार्क पडले, तुम्ही वर्गात कौतुक केलंत, आणि मी मान वर केली नाही. पुष्कळ वर्षांनी औंधला यमाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर ती भेटली. भावाच्या घरी राबून पार वाळली होती. माझा मुलगा तेव्हा कडेवर होता. मी त्याला पुढं केलं तर ती दोन पायऱ्या मागं सरली, लांबूनच बघत राहिली. म्हणाली, "तुमचं सर बरं हायत का? माझ्यासाटनं बोललं हुतं त्ये." तुम्ही जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. बरे आहेत म्हणाले मी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. आता साताऱ्यात मीच हा विषय शिकवते. दर वर्षी अर्ध्या पोरांना व्हरांड्यात पाठवते, खोटे कागद ओळखते, तुमचंच वाक्य म्हणते. यंदा मुलाचं लग्न झालं. सून शिकलेली आहे, गुणाची आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझे दीर गेले, आणि परवा ह्यांना छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात ठेवलं. काल ती डबा घेऊन आली. खोलीच्या दाराशी चपला काढत होती, आणि मी तिच्या पायांकडं बघत होते. तिनं मान वर केली, मला बघितलं, आणि पाय पुन्हा चपलांत घालून बाहेरच थांबली.